रागीचा गोळा आणि रबरी मासळी

खाऱ्या पाण्याच्या तळाशी रबरी मासळी कशी सोडावी हे सांगायला म्हैसूरपासून सुरुवात करणे काहींना विचित्र वाटेल. म्हैसूरला समुद्र नाही. जवळचा म्हणायचा तर घाट उतरून कण्णूर किंवा मंगळूर गाठावे लागते. पण तळाशी मऊ आमिष सोडून मोठा मासा धरण्याची एक जुनी आणि चांगली नोंदलेली परंपरा याच शहराच्या आसपास, कावेरी आणि कबिनी या नद्यांवर वाढली. 1919 मध्ये कावेरीतून 119 पौंडांचा महसीर निघाला. 1946 मध्ये कबिनीत डी वेट व्हॅन इंगेन यांच्या गळाला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर लागला आणि गळाने धरलेल्या महसीरचा विक्रम म्हणून आजही त्याचाच दाखला देतात. हे व्हॅन इंगेन म्हणजे म्हैसूरचे प्रसिद्ध घराणे. शिकारीत मारलेले वाघ-बिबटे जिवंत वाटतील असे मढवून देण्याचा त्यांचा कारखाना होता. या नद्यांवर रूढ झालेले आमिष मात्र अगदी साधे होते: रागीच्या पिठाचा गोळा. आज मंगळूरच्या किंवा मालवणच्या खडकाळ तळावर जी रंगीत, शेपटी हलवणारी रबरी मासळी सोडतात, तिच्यात आणि या गोळ्यात दिसायला काहीच साम्य नाही. तरी दोन्हींचे यश एकाच गोष्टीवर ठरते, आणि ती गोष्ट आमिष नव्हे. मऊ आमिष गळावर कसे चढवले, गळाचे टोक कुठे ठेवले, वजन कुठे आणि कसे बांधले, थोडक्यात बांधणी कशी केली, त्यावर तळाची मासेमारी फळते किंवा फसते. दुकानात रंग आणि आकार विकले जातात; बांधणी विकत मिळत नाही, म्हणून तिच्याविषयी बोललेही कमी जाते.

आधी रागी, म्हणजे आपली नाचणी, पाहू. म्हैसूर मुलखात ती शिजवून तिचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, करतात आणि नदीवरचे आमिषही त्याच स्वयंपाकातून आलेले आहे. नाचणीत गव्हासारखे ग्लूटेन नसते. कणीक नुसत्या पाण्यात मळली तरी ताणली जाते. नाचणीचे पीठ थंड पाण्यात मळून गोळा केला तर वाहत्या पाण्यात तो बघता बघता विरतो. म्हणून गोळा उकडावा लागतो. उष्णतेने पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना धरतात, आणि निवल्यावर गोळ्याला रबरासारखा चिवटपणा येतो. आता इथे खरी कसोटी लागते. गोळा इतका घट्ट हवा की रॉड जोरात फिरवून तो पन्नास पावले दूर फेकला, आपटला, खडकावर घासला, तरी गळाला धरून राहील. आणि तो इतका मऊही हवा की माशाने तोंडात घेतल्यावर दोरीला हिसका बसताच गळाचे टोक गोळा फाडून बाहेर येईल आणि ओठात रुतेल. गोळा फार कडक झाला तर टोक आतच अडकून राहते आणि सगळा गोळा माशाच्या तोंडातून जसाच्या तसा ओढला जातो. फार मऊ राहिला तर तळाशी पोचतो तो नुसता उघडा गळ. रागीची चव, तिच्यात मिसळलेला वास, तिचा रंग या सगळ्यांच्या आधी हा प्रश्न सुटावा लागतो: धरून ठेवणे आणि सोडून देणे, ही परस्परांविरुद्धची दोन कामे एकाच मऊ वस्तूकडून कशी करून घ्यायची?

महसीरचे तोंड हा प्रश्न आणखी अवघड करते. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, आणि ओठ-जबड्याची पकड अशी की कच्चा गळ सरळ होतो किंवा चेपतो. हेन्री सलिव्हन थॉमस हे दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर होते. 1873 साली त्यांनी भारतातल्या गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यात महसीरच्या या चिरडण्याच्या ताकदीची आणि तिला पुरून उरेल अशा गळ-बांधणीची चर्चा केली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही जाणकाराचे लक्ष आमिषाच्या आधी लोखंडाकडे गेले होते. जाड तारेचा गळ घेतला तर तो टिकतो, पण जाड टोक मऊ आमिष फाडताना जास्त जोर मागते. बारीक तारेचा घेतला तर तो सहज रुततो, पण टिकत नाही. समुद्राच्या तळाशी हेकरू, म्हणजे ज्याला काही ठिकाणी गोबरा म्हणतात तो, आणि तांबोशी यांच्यासाठी रबरी मासळी बांधणाऱ्यापुढे नेमका हाच पेच असतो.

मासा आमिष घेतो कसा, हे कळल्याशिवाय बांधणीचे तर्कशास्त्र उलगडत नाही. हेकरू किंवा जिताडा बहुतेक वेळा चावत नाही, ओढून घेतो. तोंड आणि कल्ले झटकन फुगवले की तोंडात पोकळी तयार होते, समोरचे पाणी आत धावते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. ही ओढ जबरदस्त असते, पण तिचा पल्ला फार थोडा. तोंड जेवढे उघडते साधारण तेवढ्या अंतरापलीकडे ती झपाट्याने क्षीण होते. याचा अर्थ असा की शेवटच्या काही बोटांच्या अंतरात आमिषाला पाण्याबरोबर मोकळेपणी आत जाता आले पाहिजे. त्याला जड शिसे घट्ट चिकटलेले असेल, किंवा वरून दोरी ताणून धरलेली असेल, तर पाणी आत जाते आणि आमिष बाहेर राहते. वर रॉड धरलेल्या माणसाला एक हलका ठोका जाणवतो आणि तो म्हणतो, मासा चाटून गेला. मासा चाटून गेलेला नसतो. त्याने पूर्ण तोंड उघडून प्रयत्न केलेला असतो. बांधणीने त्याला घास घेऊ दिलेला नसतो.

आता रबरी मासळीचे शरीर. अमेरिकेत ॲक्रन या गावी निक आणि कॉस्मा क्रीम या दांपत्याने 1949 मध्ये मऊ प्लास्टिकचे गांडूळ ओतून बाजारात आणले, तिथपासून या वस्तूचा व्यापारी इतिहास धरतात. ॲक्रन हे टायरच्या कारखान्यांचे शहर, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. आजही बहुतेक रबरी मासळी प्रत्यक्षात रबराची नसते. पीव्हीसीची बारीक भुकटी तेलासारख्या मऊकारक द्रवात कालवतात, तापवतात आणि साच्यात ओततात. कालवण तापले की भुकटीचे कण द्रव पिऊन फुगतात आणि एकजीव होतात. नाचणीच्या गोळ्यात पाणी आणि पिष्ट जे करतात त्याच जातीची ही क्रिया आहे, फक्त तापमान दीडशे अंशांच्या वर. मऊकारकाचे प्रमाण वाढवले की शेपटी थोड्या हालचालीतही डुलते, पण मासळी गळावरून लवकर फाटते. कमी केले की ती टिकते, पण लाकडासारखी चालते. दुसऱ्या एका जातीची, लवचिक इलॅस्टोमरची मासळी फार चिवट असते आणि पाण्यात तरंगते. ही तरंगणारी मासळी तळावरच्या जड डोक्याला लावली तर शेपटी वर करून उभी राहते, आणि तळाशी चरणारा लहान मासा जसा डोके खाली घालून टोचत असतो तसा तिचा पवित्रा दिसतो. दोन्ही जाती एका पिशवीत ठेवल्या तर एकमेकींत विरघळून चिकट लगदा होतो, आणि पीव्हीसीची मासळी काही कडक प्लास्टिकच्या डब्यांनाही खाते. ज्या मूळ पाकिटात ती आली त्यातच ठेवावी, एवढे इथे पुरे.

या मासळीला शिशाच्या डोक्याचा गळ, म्हणजे जिगहेड, लावायचा असतो, आणि बहुतेक अपयश इथेच जन्माला येते. गळाचे टोक मासळीच्या नाकाच्या अगदी मध्यात शिरले पाहिजे, दांडा शरीराच्या मधोमध सरळ गेला पाहिजे, आणि टोक पाठीवर, नाकापासून शेपटीपर्यंत काढलेल्या कल्पित मध्यरेषेवरच बाहेर यायला हवे. हे अंदाजाने जमत नाही. म्हणून आधी गळ मासळीच्या अंगाला बाहेरून लावून पाहावा, वाक सुरू होतो तिथे नखाने खूण करावी आणि टोक त्या खुणेवर काढावे. टोक खुणेच्या पलीकडे काढले तर मासळी गळावर चुरगळून कुबड काढते, अलीकडे काढले तर ती ताणली जाते आणि शेपटी ताठते. टोक बाजूला काढले तर परिणाम आणखी वाईट. मासळी पाण्यात सरळ न चालता स्वतःभोवती गिरक्या घेते, तंगूसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, पीळ बसतो, आणि शेपटीची थरथर, जी माशाच्या अंगावरच्या संवेदनरेषेला दुरून जाणवायला हवी, ती गिरक्यांत हरवते. गढूळ पाण्यात, जिथे डोळ्यांचा उपयोग हातभर अंतरापुरताच, तिथे ही थरथरच आमिषाची ओळख. दोन-तीन मिलिमीटरची चूक आणि महागड्या मासळीचे सगळे शिल्प वाया. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: मासळी लठ्ठ असेल तर ती गळाच्या वाकातली जागाच भरून टाकते. टोक आणि पाठ यांच्यामध्ये वाकाचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा राहिला नाही, तर माशाने तोंड मिटल्यावर टोकाला रुतायला मांसच सापडत नाही. लठ्ठ मासळीला मोठ्या वाकाचा गळ, हा नियम मासळीच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा आहे.

वजनाचा प्रश्न याहून रंजक आहे, कारण त्याचे उत्तर गणितात सापडते आणि तरीही बहुतेक जण ते सवयीने देतात. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे 11.3 पट. समुद्रात उतरल्यावर ते आपले नऊ टक्के वजन हरवते, म्हणजे 40 ग्रॅमचे डोके पाण्यात 36 ग्रॅमच्या आसपास उरते. तोटा क्षुल्लक. मग 40 ग्रॅमचे डोके वीस मीटर खोल तळाला लागत का नाही? कारण त्याच्याशी भांडते ती दोरी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की दोरीवरची ओढ चौपट होते. दोरीची जाडी दुप्पट केली तर ओढही दुप्पट. प्रवाह आपल्या हातात नसतो. तो चंद्राच्या हातात असतो. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतले अंतर चार मीटरहून अधिक होते. मंगळूरजवळ ते दीड मीटरच्या आसपास राहते. खाडीच्या तोंडाशी एवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर व्हायचे तर उत्तरेकडे ते किती वेगाने धावत असेल याची कल्पना येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला एकच डोके वापरणारा माणूस पंधरवड्यातले निम्मे दिवस तळापासून वरच मासेमारी करतो. मुंबईचा अनुभव घेऊन मंगळूरला गेलेला उलट चूक करतो: गरजेपेक्षा जड शिसे लावून मासळी खडकांत रोवून ठेवतो. आणि वजन वाढवणे हा पहिला उपाय नव्हेच. आधी दोरी बारीक करावी. साध्या नायलॉनच्या तंगूसाऐवजी विणलेली दोरी घेतली तर तेवढीच ताकद जवळजवळ निम्म्या जाडीत मिळते, आणि ओढही निम्मी होते. मग तेच हलके शिसे तळ गाठते, मासळीचा मोकळेपणा राहतो, आणि तळ वाळूचा आहे की दगडाचा हे बोटाला कळते. टंगस्टनची घनता 19.3 आहे, तेवढ्याच वजनाचे डोके शिशाच्या साठ टक्के आकाराचे होते. त्यामुळे ते पाण्याला कमी अडते. किंमत मात्र अनेक पट, आणि खडकात अडकून तुटणाऱ्या वस्तूवर एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही.

मागे सांगितलेला ओढून घेण्याचा नियम लक्षात ठेवला तर एक अडचण उभी राहते. जिगहेडमध्ये शिसे आणि मासळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. हेकरूला ते सगळे ओढून घ्यायचे म्हटले तर जड. मग जिगहेड चालायलाच नको, पण चालते. याचे उत्तर हालचालीच्या वेळेत आहे. डोके तळावरून उचलून सोडले की मासळी खाली येताना दोरी सैल असते. बहुतेक मासे याच क्षणी, पडत्या भक्ष्यावर झेप घेतात, आणि झेप घेणारा मासा ओढीबरोबर स्वतःच्या वेगावरही अवलंबून असतो. तळावर पडलेली मासळी टिपताना मात्र शिसे आड येते. म्हणून जिथे मासे सुस्त आहेत, पाणी थंड किंवा फार गढूळ आहे, तिथे शिसे वेगळे करण्याची दुसरी बांधणी सरस ठरते. मुख्य दोरीवर भोकाचे शिसे मोकळे सरकते, त्याच्या खाली गाठीचे रक्षण करणारा मणी, मग स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, आणि त्यापुढे हात-दीड हात तंगूसाच्या टोकाला साधा गळ आणि त्यावर मासळी. शिसे तळावर लोळते, मासळी मागे स्वैर तरंगते. माशाने ती घेतली की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही. कावेरीच्या गोळ्यालाही शिसे दोरीवर वेगळे लावण्यामागे हाच हिशेब होता. खळाळत्या नदीत जड गोष्ट तळ धरून राहते आणि मऊ गोष्ट माशाच्या हवाली होते.

खडकाळ तळाची दुसरी मागणी म्हणजे गळ अडकू न देणे. यासाठी नेढ्याजवळ दुमडलेला गळ घेतात, मासळीचे नाक त्यावर चढवून फिरवतात आणि टोक पाठीच्या कातडीखाली हलकेच लपवतात, जेमतेम बाहेर येईल इतके. खडक, शिंपले, टाकलेली जाळी यांतून अशी मासळी सुटत जाते. पण रागीच्या कडक गोळ्याचा दोष इथे परत येतो: लपलेले टोक फाडून बाहेर यायला जोराचा, अचानक हिसका लागतो, आणि नायलॉन तुटायच्या बेताला येईपर्यंत आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याएवढे ताणले जाते. तीस मीटर दोरी पाण्यात असताना वर मारलेला हिसका खाली पोचेपर्यंत विरून जातो. म्हणजे टोक लपवण्याची बांधणी आणि ताणणारी दोरी या दोन गोष्टी एकत्र वापरणे म्हणजे मासा न धरण्याची खात्री. विणलेली दोरी जवळजवळ ताणत नाही. तिच्या टोकाला खडकाची घासणी सोसणारे काही हात जाड नायलॉन जोडले की काम होते. इथे एक भाग बदलला की दुसऱ्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बाजार मात्र प्रत्येक भाग सुटा विकतो आणि प्रत्येक सुट्या भागाला श्रेष्ठ म्हणतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप कोकणातून येणार आणि तो वजनदार आहे: जिवंत कोलंबी किंवा बांगड्याचा ताजा तुकडा असताना रबराला विचारतो कोण? तळाच्या माशांसाठी खरे आमिष अनेकदा जास्त मासे देते, हे मान्य करायला हरकत नाही. वास आणि चव प्लास्टिकला नाही. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. खरे आमिष मासा तोंडात धरून ठेवतो, चाखतो, गिळतो. बांधणीतली चूक तो खपवून घेतो. रबर तोंडात जाताच त्याला खोटे कळते आणि तो थुंकतो. त्या क्षणभरात टोक उघडे, वाक मोकळा आणि दोरी न ताणणारी नसेल तर दुसरी संधी नाही. खोटे आमिष बांधणीला माफ करत नाही, म्हणून बांधणी शिकायची तर त्याच्यावरच शिकावी.

दुसरा आक्षेप रंगाचा. अमुक पाण्यात गुलाबी, तमुक पाण्यात हिरवा, असे ठामपणे सांगणारे प्रत्येक बंदरावर भेटतात. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी गिळते. स्वच्छ समुद्रातही दहा-पंधरा मीटर खाली लाल मासळी काळपट दिसते. कोकण-कानड्याच्या किनाऱ्याजवळ, गाळाच्या पाण्यात, याहून कितीतरी वरच रंग संपतात. तिथे उरतो तो फक्त गडद आणि फिकट यांतला भेद. म्हणून एक गडद आणि एक फिकट अशा दोन मासळ्या पिशवीत असाव्यात, बाकी पैसा गळांवर खर्च करावा. वास लावण्याबाबत मी इतका कठोर होणार नाही: मासा खोटे थुंकायला अर्धा क्षण जास्त घेत असेल तर तो अर्धा क्षण उपयोगाचाच. पण तो उपयोग टोक तयार असेल तरच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. कोळी आणि गाबीत बांधव रॉड-रीळ न घेता, नुसत्या हातदोरीने गरवतात आणि शहरातून आलेल्या हौशी माणसापेक्षा जास्त मासे आणतात. मग ही सगळी बांधणीची चर्चा श्रीमंतांचा खेळ नव्हे काय? हातदोरीकडे नीट पाहिले तर उत्तर मिळते. त्या दोरीला लावलेले शिसे त्या दिवसाच्या पाण्याला पाहून निवडलेले असते, गळ माशाच्या तोंडाला पाहून, आणि दोरी बोटावरून गेल्यामुळे तळाचा प्रत्येक खडा कळतो. ती बांधणी नसणे नव्हे. ती अनेक पिढ्यांनी घासून कमी केलेली बांधणी आहे. हौशी माणूस महागडे साहित्य घेऊन हरतो तो साहित्यामुळे नव्हे, भांगाच्या दिवशीची बांधणी उधाणाला वापरतो म्हणून.

गळ माशाच्या तोंडात कुठे लागतो, हाही बांधणीचाच परिणाम आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा पुन्हा कावेरीकडे नेतो. कावेरीवरच्या गालिबोरेसारख्या छावण्यांत मासा धरून परत सोडण्याची पद्धत होती आणि पकडीच्या वह्या ठेवल्या जात. 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापला: पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा मूळ महसीर झपाट्याने कमी झाला होता आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढला होता. हा दुसरा मासा मूळचा आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला. इंग्रज निसर्गअभ्यासक सायक्स यांनी 1839 मध्ये पुण्याकडच्या नद्यांवरून त्याचे वर्णन केले होते, टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पैदास झाली आणि तिथली पिल्ले दूरदूर गेली. सद्भावनेने केलेले काम दुसऱ्या नदीला कसे भोवते याचे हे उदाहरण आहे. कावेरीच्या मूळ माशाला टॉर रेमादेवी हे शास्त्रीय नाव 2018 मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. हे सगळे कळले ते मासे पुन्हा नदीत सोडता आले म्हणून, आणि सोडता आले ते गळ ओठात लागल्यामुळे. गोळा गिळून गळ घशात रुतला असता तर वह्यांत मेलेल्या माशांची यादी उरली असती.

समुद्रातही हाच न्याय लागू होतो, थोड्या फरकाने. अमेरिकेने 2008 पासून मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे नैसर्गिक आमिषाने धरणाऱ्यांना गोल वळणाचे गळ सक्तीचे केले. असा गळ घशातून मागे ओढला जाऊन तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. सक्ती नैसर्गिक आमिषापुरती आहे, कारण रबर मासा सहसा गिळत नाही. पण हेकरू-तांबोशींना एक संकट गळाशिवायही येते. त्यांची हवेची पिशवी घशाला जोडलेली नसते. तीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. मासा वर आणला की आतली हवा चौपट फुगते, पोट तोंडातून बाहेर येते, डोळे सुजतात. महसीर मिरगळ-रोहूच्या कुळातला, त्याची पिशवी घशात उघडते, म्हणून तो हवा सोडू शकतो. खोल पाण्यातला हेकरू नुसता वरून सोडून दिला तर तो तरंगत मरतो; त्याला वजन लावून पुन्हा खोलवर उतरवावे लागते. खायचा नसेल तेवढा मासा खोल पाण्यातून काढूच नये, हे जास्त सोपे.

राहता राहिले शिसे आणि प्लास्टिक. ब्रिटनने हंसांना विषबाधा होते म्हणून 1987 पासून लहान शिशाच्या वजनांची विक्री थांबवली. आपल्याकडे तसा विचार सुरू व्हायचा आहे. तुटलेली रबरी मासळी तळाशी फुगून पडते आणि मासे ती गिळतात. यावर एक छोटा उपाय बांधणीतच आहे: मासळीचे नाक शिशाच्या डोक्याला झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या एका थेंबाने जोडले की ती गळावरून निसटत नाही, जास्त टिकते आणि फाटल्यावर आपल्याच हाती येते. फाटलेले तुकडे पिशवीत घालून परत न्यावेत.

पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्याने एवढे करावे: मासळी लावल्यावर लगेच दूर फेकू नये. बोटीच्या किंवा धक्क्याच्या कडेला, डोळ्यांसमोर, हातभर पाण्यात ती ओढून पाहावी. सरळ चालली आणि शेपटी हलली तर तळाशी सोडावी. तिरकी झाली, गिरकी घेतली किंवा पालथी पडली, तर काढून पुन्हा लावावी, तीनदा लावावी लागली तरी. वीस मीटर खाली ती कशी चालते हे दिसत नाही; ती तपासण्याची जागा वरच आहे.